आठ सेंटिमीटर

टेबल हललं होतं. स्वैपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार ढकलून मी दिवा लावला आणि आधी तेवढंच दिसलं. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. गाडी विकली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून हे टेबल एकाच जागी आहे आणि त्याच्या पायांनी सिमेंटच्या जमिनीवर चार चौकोन स्वच्छ राखले आहेत. ते चौकोन आता पायांच्या बाहेर दोन-दोन बोटं उघडे पडले होते. कुणीतरी टेबल उचललं होतं, आपलं काम उरकलं होतं आणि परत ठेवताना अगदी जपून ठेवलं होतं. या जपून ठेवण्याचाच मला राग आला. निष्काळजी माणूस टेबल वाकडं टाकून जातो, त्याच्या मनात काही नसतं. मी वाकून बघितलं. टेबलाखालून खडूची एक रेघ गेली होती. ती भिंतीच्या कडेनं शटरपर्यंत जात होती, दुसऱ्या भिंतीच्या कडेनं परत येत होती आणि स्वैपाकघराच्या दाराशेजारच्या कोपऱ्यात दोन्ही रेघा वळून एका टोकाला मिळत होत्या. मधे पोटाशी आकार चांगला फुगला होता. दोन-तीन ठिकाणी रेघ पायानं पुसायचा प्रयत्न झाला होता, पण कामचुकारपणे.

"काय शोधताय?" बायकोनं ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं.

"कोण आलं होतं?"

"दादा आले होते दुपारी. सांगणारच होते मी."

सांगणारच होते! मी वजन-मापं खात्यात निरीक्षक आहे. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून मी हेच वाक्य ऐकत आलो आहे. साहेब, हे वजन आज बदलणारच होतो. साहेब, काटा दुरुस्तीला टाकणारच होतो. पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेलं असतं, वजनाच्या बुडातलं शिसं कोरून त्या जागी मेण भरलेलं असतं, आणि दुकानदार घाम पुसत म्हणत असतो की सांगणारच होतो. पकडलं गेल्याशिवाय कुणी काही सांगणार नसतं, हे माझं एवढ्या वर्षांचं ज्ञान. मी बायकोकडे बघितलं. ती भांडी पुसत होती. एकच पातेलं ती फार वेळ पुसत होती असं मला वाटलं.

"त्यांची बोट ठेवायचीय म्हणे आपल्याकडे," ती म्हणाली. "वखारवाला जागा रिकामी करा म्हणतोय. महिनाअखेरीला."

"एवढी मोठी बोट? आपल्या गॅरेजमध्ये?"

"कोपऱ्यात तिरकी घातली तर बसते म्हणाले. आणि गाडी नाहीच ना आता. रिकामंच आहे की."

रिकामंच. म्हणजे माझं टेबल, माझी खुर्ची, माझा पितळी तराजू, कपाटातली जप्त मापं, हे सगळं तिच्या हिशेबी हवा. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी तासभर गॅरेजमध्ये बसतो. घरात आलेली प्रत्येक पुडी तिथं माझ्या तराजूवर चढते. साखर, साबण, बाटलीतलं तेल, सगळं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची साखर एकदा अकरा ग्रॅम कमी भरली तेव्हा मी ती परत घेऊन गेलो होतो, आणि बायकोनं त्या दुकानात जायचंच सोडलं. लाज वाटते म्हणाली. चोरी त्यानं केली आणि लाज हिला वाटते. तेव्हापासून ती पिशव्या आणून गॅरेजच्या दाराशी ठेवते आणि काही न बोलता आत निघून जाते. बोट आली की टेबल जाणार, टेबल गेलं की तराजू जाणार, आणि मग मी संध्याकाळी कुठं बसणार याचा विचार या दोघांनी माझ्यामागे, दुपारच्या वेळी, खडू हातात घेऊन केला होता. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्याच क्षणी माझ्या मनानं घेतलं.

दादा माझा भाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. शाळेत सुतारकाम शिकवायचा, सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं. ही बोट त्यानं स्वतःच्या हातानं बांधली. वखारीच्या मागच्या आवारात, सुटीच्या दिवशी, अकरा वर्षं. ती अजून पाण्याला लागलेली नाही. लोक तिला कोरडी बोट म्हणतात आणि दादाही त्यांच्याबरोबर हसतो. दादाचं हेच मला कळत नाही. लहानपणी वडील आमची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मांडायचे. दादाची खूण नेहमी माझ्या वर. चार वर्षांचा फरक, त्यामुळे ती वर असणारच, पण मला पक्कं वाटायचं की तो टाचा उचलतो. वडील त्याच्या डोक्यावर पट्टी धरून डोळा बारीक करायचे आणि मी जमिनीवर पालथा पडून त्याच्या टाचांकडे बघायचो. एकदाही त्या उचललेल्या सापडल्या नाहीत. तो खाली बघून म्हणायचा, "इन्स्पेक्टर, दिसलं का काही?" इन्स्पेक्टर हे नाव मला नोकरी लागायच्या वीस वर्षं आधी पडलं, ते असं. आणि सगळे हसायचे. आजही दादा घरी आला की बायको हसते, स्वैपाकघरात तिचा आवाज मोकळा होतो. माझ्याशी ती इतकं बोलत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण मला त्याचं वाईट वाटतं.

वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून दादा एकटा आहे. म्हणजे आता आधी बोट येईल, मग बोटीच्या देखभालीला दादा येईल, मग उशीर झाला म्हणून जेवायला थांबेल, मग झोपायला. मी मनातल्या मनात पायऱ्या मांडल्या आणि एकही पायरी निखळेना. बायकोला मी काही बोललो नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं. ती मात्र दोन दिवस माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होती, आणि तेही मी लक्षात ठेवलं.

गुरुवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. मी टेबलाशीच होतो.

"इन्स्पेक्टर, एक माप हवंय. लांबीरुंदी मी घेऊन गेलो, पण शटर बंद होतं. वर गेल्यावर त्याची गुंडाळी किती खाली लोंबते कळेना. दाराची मोकळी उंची किती?"

शटरची किल्ली माझ्याकडे असते. गुंडाळी लोंबते हेही खरं. ती उंची मला झोपेत विचारली असती तरी सांगता आली असती. दोन मीटर नऊ.

"बोट किती आहे?" मी विचारलं.

"ट्रेलरवर चढवून, वरच्या लाकडी टपासकट, दोन मीटर सहा."

बसत होती. तीन सेंटिमीटर राखून बसत होती. माझ्या डोक्यात त्या वेळी जे चाललं ते मी इथं जसंच्या तसं मांडतो, कारण नंतर मी त्यात फार रंग भरले आहेत. नाही म्हणायचं धैर्य मला नव्हतं. सख्खा भाऊ, त्यात एकटा पडलेला, त्याला जागा नाकारली तर बायको, नातेवाईक, सगळं जग मला नावं ठेवणार. पण बोट बसतच नसेल तर कोण काय करणार? मोजमापापुढे कुणाचं चालत नाही. पाच म्हणालो तर तो चाकांतली हवा सोडेल आणि त्याला चार सेंटिमीटर मिळतील. तीन म्हणालो तरी हवा सोडून अगदी घासत का होईना ती आत जाईल. दोन म्हणालो तर ट्रेलरवर दोन जाडी माणसं बसवेल. सुतार माणूस आहे, एका सेंटिमीटरसाठी हार मानणारा नाही. हे सगळं जितक्या वेळात सांगितलं त्याच्या दहाव्या हिश्शात माझं गणित झालं होतं.

"दोन मीटर एक," मी म्हणालो.

दादा म्हणाला, "एक? नक्की ना?" आणि लगेच स्वतःच हसला. "तुला काय विचारतोय मी. तुझं माप म्हणजे शिक्काच. बरं. बघतो काय करता येतं."

फोन ठेवल्यावर मी मागे बघितलं तर बायको दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. "काय म्हणाले दादा?" तिनं विचारलं. "बसत नाही म्हणाला," मी म्हणालो. खरं तर तो असं म्हणाला नव्हता. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि आत गेली. त्या दिवसापासून मला एक नवाच त्रास सुरू झाला. पूर्वी मी लोकांकडे बघायचो, आता लोक माझ्याकडे बघतायत असं वाटायला लागलं. बायकोनं शटरकडे नजर टाकली की मी उगाच खिशातली किल्ली चाचपायचो. तिला उंची माहीत असेल का? पलंग या शटरमधून आत घेताना उंची मोजली होती, तेव्हा ती तिथंच होती, हमालांशी तीच बोलत होती. एकदा ती गॅरेज झाडत होती तर मी तिच्या हातून केरसुणी काढून घेतली. म्हटलं मीच झाडतो. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यानंही तिला संशय आला असणार. ऑफिसात एका दाणेवाल्याचं मापटं मी तपासत होतो, ते नियमानं दिलेल्या सुटीत बसत होतं. तरी मी ते पुन्हा पुन्हा भरून ओतत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, माझ्यावर काही राग आहे का?" प्रत्येक मापाला थोडी चूक माफ असते, कायद्यातच तशी सोय आहे. पण आठ सेंटिमीटर माफ करणारा कायदा कुठंच नाही, हे मला त्याच्या दुकानात उभ्या उभ्या आठवत होतं.

आठवडा गेला तरी दादाचा फोन नाही. गप्प बसलेला माणूस काहीतरी रचत असतो. बुधवारी दुपारी मी वखारीत गेलो. वखारीत जळाऊ लाकूड तोलायचा मोठा काटा आहे, तेव्हा मला जायला निमित्त होतं. वखारवाला मला बघून गडबडला, खुर्ची पुसायला लागला. मी काट्यावर दोन-चार वजनं चढवली, वहीत काहीबाही लिहिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागची जागा कधी रिकामी करून घेताय?"

"कुठली?"

"मास्तरांची बोट आहे ती."

"ती कशाला रिकामी करू?" तो म्हणाला. "माझ्या पोराला त्यांनी शिकवलंय, साहेब. हवी तेवढी वर्षं राहू दे. मी तर भाडंपण घेत नाही."

मला जो आनंद झाला तो लपवायला मला वहीत मान घालावी लागली. सापडला! इतक्या वर्षांनी टाचा उचललेल्या सापडल्या. वखारवाल्यानं काही सांगितलेलंच नव्हतं, म्हणजे दादा खोटं बोलला होता, आणि माझ्याआधी बोलला होता. मग माझं खोटं हे खोटं कसलं, तो तर बचाव. मी मागच्या आवारात गेलो. बोट ताडपत्रीखाली होती, वरून दोरी घट्ट आवळलेली. खाली जमिनीवर लाकडाचा ताजा भुसा पडला होता, चांगला ओंजळभर. "मास्तर रोज येऊन कापतायत काहीतरी," वखारवाला म्हणाला. "कुणाला जवळ येऊ देत नाहीत." मी भुसा चिमटीत धरून बघितला. बोट बांधून पूर्ण झाली होती, मग आता हे नवीन काम कसलं? उत्तर मला परत येताना रस्त्यातच मिळालं. तो आत झोपायला बाक बसवत होता. बोटीत राहायचा त्याचा विचार होता, माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या तराजूच्या जागी अंथरूण टाकून. हे इतकं बरोबर जुळत होतं की मी रस्त्यात थांबलो आणि दोन मिनिटं एका भिंतीला टेकून उभा राहिलो. घरी येऊन बायकोला सांगावं असं फार वाटलं, पण मग वखारीत का गेलो होतो तेही सांगावं लागलं असतं.

शनिवारी दादाचा फोन आला. "बसते," तो म्हणाला. "उद्या सकाळी आणतो."

"कशी बसते?"

"बसवली," तो म्हणाला आणि फोन ठेवला. आवाज थकलेला होता. मी म्हटलं, सोंग.

त्या रात्री मी शांत झोपलो. उद्या काय होणार ते मला ठाऊक होतं. हवा सोडून, माणसं बसवून, त्यानं काय युक्ती केली असेल ती करून बोट दाराशी येणार, आणि उंचीचं भांडण माझ्या डोळ्यांसमोर सुटणार. दोन-एक सांगितलं तरी ही दोन-सहाची बोट घेऊन येतोच, म्हणजे ह्यानं माझ्या मापावर विश्वास ठेवलाच नाही, असंही मी मनाशी बोलून घेतलं. मला त्याचा रागसुद्धा आला होता.

सकाळी नऊला जीप आली. मागे ट्रेलर आणि ट्रेलरवर ताडपत्रीत गुंडाळलेली बोट. दादा उतरला. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, बायकोला म्हणाला, "चहा नंतर गं, आधी हिला आत घालू." टेबल बायकोनं सकाळीच स्वैपाकघरात ओढून घेतलं होतं. मी शटर वर केलं. ते वर जाताना मी गुंडाळीकडे बघितलं नाही. दादा वाकून चाकांपाशी बसला आणि एकेका चाकातली हवा सोडायला लागला. हवेचा तो फुसफुस आवाज बराच वेळ चालला होता. त्या आवाजात मला बोलता आलं असतं. राहू दे दादा, हवा सोडू नकोस, मोजून बघू परत एकदा. एवढी तीन वाक्यं. मी शटरची किल्ली या हातातून त्या हातात घेत उभा राहिलो. मग दादा ट्रेलरवर चढला, ताडपत्री उचलून तिच्याखाली शिरला आणि बोटीच्या तळाशी आडवा झाला. आपलं वजन पडून स्प्रिंगा आणखी थोड्या दबाव्यात म्हणून. "घे मागे," आतून त्याचा आवाज आला. जीपवाल्यानं हळूहळू ट्रेलर मागे रेटला. बोटीचं टोक दारातून आत गेलं, पोट गेलं, सगळी बोट सुळकन आत गेली, कुठं घासली नाही, अडली नाही. वर ताडपत्री आणि गुंडाळी यांच्यामध्ये माझा तळवा उभा मावेल इतकी फट होती, आणि त्यातून मागच्या भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा स्वच्छ दिसत होता.

जीपवाला खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून वर बघायला लागला. "काय मास्तर," तो मोठ्यानं म्हणाला, "हवा उगाच सोडायला लावलीत! वरून हत्ती जाईल की!"

दादा ताडपत्रीखालून बाहेर आला. केसांत धूळ, शर्टाला भुसा. ताडपत्री एका बाजूला सरकली आणि बोटीचा वरचा भाग उघडा पडला. टप नव्हता. जिथून टप सुरू व्हायचा तिथं चारी बाजूंनी कापलेल्या कडा होत्या, कानशीनं नीट घासून गुळगुळीत केलेल्या. त्या टपाच्या पट्ट्या दादानं वाफेवर वाकवल्या होत्या आणि डिंक वाळेपर्यंत एकेक पट्टी वहिनीनं दोन्ही हातांनी दाबून धरली होती. एका पट्टीला वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत वहिनी खांदा आणि कान यांच्यात फोन धरून माझ्या बायकोशी बोलायची. "बोल, मला वीस मिनिटं हलता येत नाही," म्हणायची. किती पट्ट्या झाल्या, किती राहिल्या, ते आमच्या घरी आम्हाला ठाऊक असायचं. शेवटची पट्टी बसली त्या दिवशी दोघी फोनवर ओरडल्या होत्या. बायको आता बोटीजवळ गेली आणि त्या कापलेल्या कडेवर तिनं हात ठेवला. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

"टप कुठंय?" तिनं विचारलं.

"कापला," दादा म्हणाला. "पाच आणि घासू नये म्हणून वर एक, सहा कमी करायचे होते. तो एकसंध होता, कुठंही कापला तरी सुटणारच. सुटला." मग तो वर बघत राहिला. सुतार माणूस, त्याला टेप लागत नाही. डोळ्यांनीच त्यानं ती फट मोजली, मी मोजताना बघितलं त्याला. जीपवाला आपणहून रस्त्यावर गेला आणि तिथं विडी पेटवून उभा राहिला.

"कापडी टेप असेल तुझी," दादा हळूच म्हणाला. "जुनी झाली की ताणली जाते. ताणली की माप कमी दाखवते. होतं असं."

हे बरोबर होतं. ताणलेली टेप कमीच दाखवते. मापाची चूक कुठल्या दिशेला होते ते आम्हा दोघांनाच ठाऊक असणार, आणि त्यानं ती माझ्यासाठी नेमकी योग्य दिशेची निवडली होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. पकडलेल्या कितीतरी माणसांनी माझ्यासमोर अशी एखादी वाट शोधली होती, चाचपडली होती, आणि मी एकालाही ती दाखवली नव्हती. बायको माझ्याकडे बघत होती.

"स्टीलची आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे," दादा म्हणाला.

तो बोटीच्या काठावर बसला. कमी जागेत त्याचे गुडघे भिंतीला टेकत होते. "तू वखारीत येऊन गेलास, ते सांगितलं मला वखारवाल्यानं. काल."

"त्यानं तुला जागा सोडायला सांगितलंच नव्हतं."

"नव्हतं."

"मग?"

"रविवार जात नाही रे," दादा म्हणाला. "बाकीचे दिवस जातात कसेतरी. तिथं वखारीत एकटाच ठोकत बसतो. वाटलं, बोट इथं असली की यायला काहीतरी कारण होईल. नुसतं कसं येणार?"

"नुसतं यायचं," बायको म्हणाली आणि एकदम तोंडाला पदर लावून आत गेली. स्वैपाकघरातला नळ सुरू झालेला ऐकू आला. तो बराच वेळ सुरू होता.

"तू विचारलं असतंस ना," दादा म्हणाला, "तर मी सांगून टाकलं असतं. मला काय, एवढं लपवताही येत नाही. नुसतं विचारायचं होतंस."

मी दुकानं तपासली, काटे तपासले, टाचा तपासल्या, बायकोनं पुसलेलं पातेलं तपासलं. विचारलं कुणालाच नाही. मला रडू येईल असं वाटत होतं, आणि ते आलं नाही, त्यामुळे मी नुसताच उभा राहिलो. दादानं खिशातून रुमाल काढून हात पुसले, ट्रेलरच्या चाकांखाली दोन विटा सरकवल्या, ट्रेलर हलत नाही ना ते पायानं ढकलून बघितलं. मग बोटीच्या आणि भिंतीच्या मधून अंग चोरत तो बाहेर उन्हात आला. जीपवाल्यानं विडी टाकली आणि गाडी सुरू केली. चहा कुणी केला नव्हता, आणि दादानंही विचारलं नाही.

मी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो. तो पुढच्या सीटवर बसला, दार ओढून घेतलं. मी काचेवर हात ठेवला, तशी त्यानं काच खाली केली.

"दादा, रविवारी येशील?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, अगदी नेहमीसारखं बघितलं.

"बघू," तो म्हणाला.